वाचकांचे प्रश्न : महापालिकेने आपली जुनी वास्तू सोडावी का?

प्रश्न : बोरीबंदरसमोरच्या मुंबई महापालिका मुख्यालयाच्या डागडुजीवर करदात्यांचा पैसा वर्षानुवर्षे खर्च होतो. आत अंधारे जिने, फायलींनी भरलेली कपाटे आणि अपुरी जागा. महापालिकेने एखाद्या प्रशस्त नव्या इमारतीत जावे आणि जुन्या वास्तूचे संग्रहालय करावे, असे माझ्यासारख्या अनेकांना वाटते. यात गैर काय? — एक वाचक, मुलुंड

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे आणि मुख्यालय हलवणे म्हणजे परंपरेशी द्रोह, असे मी मुळीच म्हणणार नाही. महापालिका ही संस्था या वास्तूपेक्षा जुनी आहे. गिरगाव रस्त्याच्या टोकाशी असलेल्या साध्या इमारतीतून तिचे कार्यालय १८७० साली एस्प्लनेडवर (आजच्या काळाघोडा परिसरात), वॉटसन हॉटेल आणि ससून मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट यांच्या मधल्या जागेत गेले आणि तेथून ते आजच्या ठिकाणी आले. एकदा नव्हे, दोनदा बिऱ्हाड हलवलेल्या संस्थेने तिसऱ्यांदा ते हलवू नये, असा काही नियम नाही. माझा आक्षेप पूर्ण इमारत रिकामी करून नंतर तिचे काय ते पाहू, या विचाराला आहे.

सध्याच्या वास्तूची पायाभरणी तेव्हाचे व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या हस्ते १८८४ साली झाली आणि १८९३ साली ती पूर्ण झाली. समोरचे रेल्वे स्थानक ज्यांनी उभे केले, त्या एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचेच हे काम. मंजूर रक्कम ११ लाख ८८ हजार ८२ रुपये होती आणि प्रत्यक्षात ११ लाख १९ हजार ९६९ रुपये लागले, म्हणजे ६८ हजारांहून अधिक रक्कम शिल्लक राहिली. (आजच्या निविदा वाचणाऱ्याला हे आकडे छपाईची चूक वाटतील.)

दगडी इमारत वापरात असते तोवर तिच्या दुखण्याला कोणीतरी ओरडणारा असतो. छपराच्या पन्हळीत पाने अडकून पाणी तुंबले, की खालच्या मजल्यावरचा कारकून दुसऱ्याच दिवशी आपल्या टेबलावर ठिबकणाऱ्या पाण्याची तक्रार करतो आणि कुरकुरत का होईना, माणूस शिडी लावून वर जातो. तीच इमारत कुलूपबंद असली, तर ते पाणी पावसाळाभर भिंतीत मुरते, लाकडी तुळईचे भिंतीत रोवलेले टोक कुजते, कंगणीच्या (भिंतीच्या माथ्यावरच्या पुढे आलेल्या दगडी पट्टीच्या) सांध्यात पिंपळाचे रोप धरते आणि दोन-तीन पावसाळ्यांत त्याचे मूळ दगड सरकवू लागते. मग घाईने गवंडी आणून जुन्या चुन्याच्या सांध्यांत सिमेंट भरले जाते. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडते, त्यामुळे दगडाला लोणा लागतो (क्षार बाहेर येतात) आणि त्याचे पापुद्रे सुटू लागतात. सोडून देणे म्हणजे पाडणे नव्हे, हे खरे. पण सोडून दिलेली इमारत पाडावी लागेल असा अहवाल दहा-पंधरा वर्षांनी हमखास तयार होतो आणि तोवर तो खोटाही राहिलेला नसतो.

तात्पुरते स्थलांतर किती लांबू शकते, हे कोलकात्यात दिसले. रायटर्स बिल्डिंगच्या दुरुस्तीसाठी पश्चिम बंगाल सरकारचे सचिवालय ऑक्टोबर २०१३ मध्ये हावड्यातील ‘नबान्न’ या इमारतीत गेले आणि दहा वर्षे उलटली तरी ते परतले नव्हते. याउलट चेन्नईत १९१३ सालच्या रिपन बिल्डिंगच्या मागे नवी इमारत उभारून वाढलेला कारभार तिकडे नेला गेला आणि महापालिकेचे मुख्यालय मात्र जुन्या वास्तूतच राहिले. मला दुसरा मार्ग शहाणपणाचा वाटतो.

संग्रहालयाबद्दल सांगायचे, तर ते काम कसे करावे हे महापालिकेला ठाऊक नाही असे नाही. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय महापालिकेचेच. वारसा जतनाचे काम करणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्या साहाय्याने त्याचा जीर्णोद्धार झाला आणि २००५ साली त्याला युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा सर्वोच्च वारसा पुरस्कार मिळाला. पण ती वास्तू १८७२ पासून संग्रहालयच होती, तिचा संग्रह तयार होता. मुख्यालयाच्या शेकडो खोल्यांत मांडणार काय, आणि तिकिटाच्या पैशांत छपराची दुरुस्ती होणार कशी, याचे उत्तर दिल्याखेरीज ‘संग्रहालय करू’ हे आश्वासन देणे फार स्वस्त आहे.

माझ्या मते हलवायची आहेत ती दप्तरे. जुन्या लाकडी फळ्यांच्या जमिनीवर कपाटे एकाला एक लावून रचली, की अभिलेखांच्या गठ्ठ्यांचा भार घरगुती वापराच्या कितीतरी पट होतो. त्यातच खिडक्यांच्या दगडी कमानींना भोके पाडून नेलेल्या वातानुकूलन यंत्रांच्या नळ्या आणि जुन्या जोडण्यांवर चढवलेल्या नव्या विजेच्या तारा. धोका येथे आहे, वास्तूच्या वयात नाही. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयात भीषण आग लागली, ती स्वातंत्र्यानंतर बांधलेल्या काँक्रीटच्या इमारतीत, हे विसरू नये. लेखा, अभियांत्रिकी, अभिलेख ही खाती विस्तारित इमारतीत किंवा अन्यत्र जावीत; नागरिकांची रोजची कामे तर आताही विभाग कार्यालयांतच होतात. सभागृह, स्थायी समिती, महापौर आणि आयुक्त यांनी मात्र जुन्या वास्तूतच बसावे.

यामागे केवळ शोभेचा विचार नाही. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आले आणि सभागृहातील नगरसेवकांच्या बैठका बंद पडल्या. शहराचे अंदाजपत्रक उघड चर्चेविना संमत होणे म्हणजे काय, ते मुंबईकरांनी तेव्हा अनुभवले. फिरोजशहा मेहतांचा पुतळा ज्या दारासमोर उभा आहे, तेथे मोर्चा नेता येतो, पत्रकार चालत पोहोचतात, आणि आपणही मुलुंडहून गाडी न बदलता थेट येऊ शकता. नव्या प्रशस्त इमारतीसाठी जागा शोधायची झाली, तर ती स्थानकाला लागून मिळेल, याची खात्री मला वाटत नाही.

प्रश्न : वारसा यादीतल्या इमारतीत भिंतीवर खिळाही ठोकता येत नाही, म्हणून मालक ती पडू देतात, असे ऐकतो. हे खरे आहे का? — एक वाचक, दादर

उत्तर : अर्धेच खरे आहे. बृहन्मुंबईसाठी वारसा नियमावली १९९५ साली लागू झाली आणि तिने इमारतींच्या श्रेणी ठरवल्या. पहिल्या श्रेणीत आतून-बाहेरून बदलाला जवळजवळ मज्जाव असतो, मात्र वास्तू बळकट करण्यासाठी आवश्यक असलेले काम करता येते. दुसऱ्या श्रेणीत अंतर्गत बदल आणि नवा वापर यांना वाव आहे. तिसरीत तो आणखी मोठा आहे. प्रस्ताव मुंबई वारसा संवर्धन समितीपुढे जातो. मालकाला बांधता न आलेल्या क्षेत्रापोटी हस्तांतरणीय विकास हक्क (तेवढे बांधकाम अन्यत्र करण्याचा, विकताही येणारा हक्क) मिळण्याचीही तरतूद केली गेली. भाडेकरू आणि मालक यांच्या भांडणात अडकलेल्या खासगी इमारतींची अडचण मी समजू शकतो. पण महापालिका स्वतःच मालक, स्वतःच वापरकर्ती आणि स्वतःच नियमन करणारी असताना तिने नियमांकडे बोट दाखवणे पटत नाही.

प्रश्न : एस्प्लनेड मॅन्शनच्या बाबतीत तज्ज्ञांनीच परस्परविरोधी मते दिली. मुख्यालयासारख्या सरकारी वास्तूवर उद्या हीच वेळ आली, तर सामान्य माणसाने कोणाचे ऐकायचे? — एक वाचक, गिरगाव

उत्तर : एस्प्लनेड मॅन्शन म्हणजे पूर्वीचे वॉटसन हॉटेल, इंग्लंडहून घडवून आणलेल्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) सांगाड्यावर उभे राहिलेले, १८९६ साली ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती मुंबईने प्रथम पाहिल्या त्या तेथेच. आयआयटी मुंबईच्या अहवालाने २०१९ मध्ये ती इमारत पाडावी असे सुचवले, तर संवर्धन क्षेत्रातील जाणकारांनी ती वाचवता येते असे मांडले. यांपैकी एक बाजू खोटे बोलत होती असे समजण्याचे कारण नाही. इमारत आज आहे त्या स्थितीत सुरक्षित आहे का, या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असू शकते आणि कुजलेले भाग बदलून ती सुरक्षित करता येईल का, याचे उत्तर ‘होय’ असू शकते. म्हणून अहवाल हाती आला की निष्कर्षाआधी त्याला कोणता प्रश्न विचारला होता, ते पाहावे. मग तपासणी केवळ डोळ्यांनी झाली की तुळया व खांब उघडून नमुने घेतले, किती मजल्यांवर घेतले, आणि दुरुस्तीचा खर्च मांडताना पाडून नवे बांधण्याचा खर्चही तितक्याच बारकाईने मांडला आहे का, हे पाहावे. चुन्याचे बांधकाम आणि बिडाचे खांब यांना आजच्या काँक्रीटची मोजपट्टी लावली असेल, तर तो अहवाल आणखी एकदा तपासून घेण्याची मागणी करावी.

तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३५३-ब नुसार बंधनकारक आहे आणि इतरांना त्यासाठी नोटिसा पाठवणाऱ्या महापालिकेने स्वतःच्या वास्तूचा अहवालही लोकांसमोर ठेवावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. तो आपणहून प्रसिद्ध झाला नाही, तर माहितीच्या अधिकारात मागता येतो. साध्या कागदावर अर्ज आणि दहा रुपये शुल्क. अर्जात ‘माहिती द्यावी’ असे मोघम न लिहिता, तपासणी अहवालाची सर्व परिशिष्टांसह प्रत हवी, असे लिहावे, कारण नमुन्यांच्या चाचण्यांचे तपशील बहुधा परिशिष्टांतच असतात.