रुपया घसरला की निर्यात करणाऱ्या कंपनीचा शेअर वाढतो का?

हो, फरक पडतो, पण रुपया घसरला म्हणून शेअर चढेलच असं धरून पैसे लावू नका. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका निर्यातदार कारखान्याचे हिशेब मी सांभाळते, म्हणून बिलावरूनच सांगते. 1 लाख डॉलरचा माल पाठवला आणि डॉलर 83 वरून 86 वर गेला, तर हातात 3 लाख रुपये जास्त येतात. पण त्याच मालासाठी 60 हजार डॉलरचा कच्चा माल बाहेरून आणला असेल, तर तोही महागतो आणि खरा फायदा उरतो 1 लाख 20 हजार. त्यातून कंपनीने बँकेशी आधीच फॉरवर्ड करार करून पुढे मिळणाऱ्या डॉलरचा दर बांधून घेतला असेल, तर त्या बिलावर तेवढाही मिळत नाही. शिवाय परदेशी ग्राहक लगेच भाव कमी करून मागतात, हे तर नेहमीचंच.

बाजारात दोन्ही घडलेलं आहे. 2013 मध्ये रुपया 68 च्या पुढे घसरला आणि निर्यातीवर कमावणाऱ्या आयटी कंपन्यांचे शेअर जोरात वाढले. 2022 मध्ये तो 74 च्या आसपासवरून 82 च्या पुढे गेला, तरी तेच शेअर पडले, कारण अमेरिकेतली मागणी आटण्याची भीती मोठी होती.

शेअर घेण्याआधी वार्षिक अहवालात एवढं नक्की बघा:
- आयात किती
- डॉलरमधलं कर्ज किती
- किती रकमेचा दर बांधलेला नाही