बीपी नॉर्मल असताना मेंदूत रक्तस्राव कसा होतो? अमायलॉइड म्हणजे अल्झायमरच का?

बाबांचं बीपी नॉर्मल असताना मेंदूत रक्तस्राव झाला आणि अमायलॉइड नावाच्या प्रोटीनचं नाव निघालं, हा तुमचा प्रश्न वाचला. त्यातलं शेवटचं वाक्य, "घरचे म्हणतात तू बीपीच्या गोळ्या नीट दिल्या नाहीस म्हणून बाबांना हे झालं", ते वाचून राहवलं नाही. हेच मी पाच वर्षं ऐकतेय.

माझी आई तेव्हा ७४ची. दुपारी मेथी निवडत बसली होती, म्हणाली उजव्या करंगळीला मुंग्या आल्यात. मी म्हटलं हात आखडला असेल. पण त्या मुंग्या करंगळीतून मनगट, मनगटातून कोपर अशा चढत चढत दहाएक मिनिटांनी ओठाच्या उजव्या कोपऱ्यात आल्या आणि आपोआप गेल्या. आई डाव्या हाताच्या बोटाने दाखवत होती, आता इथं आलं, आता इथं. महिनाभरात असं तीनदा झालं. डॉक्टरांकडे नेलं तर छोटा स्ट्रोक म्हणाले, साधं सीटी केलं, त्यात काही दिसलं नाही, रक्त पातळ करायची गोळी चालू केली. अडीच महिन्यांनी एका पहाटे ती भिंत चाचपत स्वयंपाकघरात आली. चहाचा कप तिच्या उजवीकडे ठेवला तर तिला दिसेचना. डाव्या बाजूला मेंदूच्या पार मागच्या भागात रक्तस्राव झाला होता.

दादा पुण्याहून आला आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाला, गोळ्या वेळेवर दिल्या असत्यास तर ही वेळ आली नसती. माझ्याकडे वही होती हो, रोज सकाळ-संध्याकाळ बीपी लिहिलेलं, १३०-१३५च्या वर क्वचितच. कुणी बघितली नाही.

मग दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टनी एमआरआय सांगितला, त्यात एसडब्ल्यूआय नावाचा सीक्वेन्स मुद्दाम लिहून दिला. त्यात जुन्या बारीक रक्तस्रावांचे काळे ठिपके दिसतात. मोहरी सांडावी तसे ठिपके, सगळे मेंदूच्या वरच्या थरात, मागे जास्त. बीपीचा रक्तस्राव बहुतेक करून आत खोल होतो, थॅलॅमस, बेसल गँग्लिया, पॉन्स अशा जागी. आईच्या आत खोलवर एकही ठिपका नव्हता. त्या डॉक्टरांनीच सांगितलं की त्या चढत जाणाऱ्या मुंग्या याच आजाराच्या असू शकतात, आणि अशा माणसाला रक्त पातळ करायची गोळी द्यायच्या आधी शंभरदा विचार करायला हवा.

आजाराचं नाव सेरेब्रल अमायलॉइड अँजिओपॅथी. बीटा अमायलॉइड हे प्रोटीन आपल्या सगळ्यांच्या मेंदूत तयार होतं आणि बरंचसं रक्तवाहिन्यांच्या भिंतींच्या कडेकडेने बाहेर जातं. वय झालं की हा निचरा मंदावतो, ते भिंतीतच साचतं, तिथल्या स्नायूपेशी मरतात, भिंत ठिसूळ होते आणि फुटते. अल्झायमरमध्ये पेशींच्या मधल्या जागेत जे थर साचतात त्यात याच प्रोटीनचा बीटा ४२ हा प्रकार जास्त असतो, रक्तवाहिन्यांत साचणारा मुख्यतः बीटा ४० हा प्रकार. म्हणजे हे अल्झायमरच असं नाही, पण दोन्ही बऱ्याचदा एकत्र सापडतात. आईचा विसराळूपणा नंतर वाढला, हिशोब चुकायला लागले, तो रक्तवाहिन्यांमुळे किती आणि अल्झायमरमुळे किती हे आम्हाला कुणी सांगू शकलं नाही.

बरं होतं का विचारलंत. साचलेलं काढून आजार बरा करणारं औषध आज नाही. लेकॅनेमॅब वगैरे अल्झायमरची नवी औषधं अमायलॉइड काढतात, पण ज्यांच्या एमआरआयवर असे ठिपके भरपूर आहेत त्यांना ती देणं टाळतात, कारण मेंदूला सूज आणि रक्तस्राव होऊ शकतो.

म्हणून सांगते, घरच्यांना एमआरआयची सीडी दाखवा, नुसता रिपोर्ट नको. रक्तस्राव कुठे झाला ते डॉक्टरांच्या तोंडून त्यांच्यासमोरच वदवून घ्या. सांभाळणाऱ्यावर बोट ठेवणं सोपं असतं, लांब राहणाऱ्याला तर फारच.

हे सगळं लिहिलं म्हणून बीपीच्या गोळ्या ढिल्या सोडू नका. या आजारातही बीपी आटोक्यात ठेवलं की पुन्हा रक्तस्राव व्हायचा धोका कमी होतो, ते एकच आपल्या हातात असतं. आणि बाबांना स्टेंट असेल किंवा हृदयाचे ठोके अनियमित असतील तर ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, न्यूरॉलॉजिस्ट आणि हार्टचे डॉक्टर दोघांना बोलायला लावा. मी डॉक्टर नाही.

बाबांचा एसडब्ल्यूआय झालाय का? आणि आधी कधी मुंग्या आल्या होत्या का, ते तुमच्या आईंना विचारून बघा.