वाचकांचे प्रश्न : उपनगरातला वर्दळीचा रस्ता

प्रश्न : पुण्याच्या उपनगरात आमचा डीपी (विकास आराखड्यातला) रस्ता 24 मीटरचा आहे. सकाळ-संध्याकाळ कोंडी ठरलेली. आता महापालिका रस्त्याचं काम काढणार आहे आणि सूचना मागवल्या आहेत. फूटपाथ कापून एकेक लेन वाढवून घ्यावी, असं सोसायट्यांचं म्हणणं. ते बरोबर आहे का?

उत्तर : लेन मागू नका. रस्त्यावरून किती गाड्या जातील हे त्याची सर्वांत अरुंद जागा ठरवते. टेप घेऊन दर 20 मीटरवर रुंदी मोजा. नकाशावर 24 मीटर असलेला रस्ता ताब्यात न आलेल्या एखाद्या प्लॉटपाशी एकदम आखडतो. तिथे तीन लेनच्या दोन होतात आणि रांग मागे वाढत जाते. अशा ठिकाणाच्या अलीकडे-पलीकडे वाढवलेली लेन पार्किंगच खाऊन टाकतं.

मग वाहनं मोजा. मंगळवार ते गुरुवारमधला एक दिवस, सकाळी 8 ते 11 आणि संध्याकाळी 5 ते 8, दर 15 मिनिटांचा आकडा वेगळा. चौकात सरळ, डावीकडे आणि उजवीकडे जाणारे निरनिराळे लिहा, सिग्नलची वेळ त्यावरून बसवतात. पायी चालणारेही मोजा. ज्यांचा आकडा नाही त्यांना आराखड्यात जागा मिळत नाही.

24 मीटरची वाटणी अशी मागा : मध्ये 1.2 मीटरचा डिव्हायडर, दोन्ही बाजूंना 3.2 मीटरच्या दोन-दोन लेन, कडेला 2 मीटर पार्किंग, अर्धा मीटर झाडं-खांबांसाठी आणि 2.5 मीटर निखळ मोकळा फूटपाथ. बस साधारण 2.6 मीटर रुंद असते, ती यात नीट बसते. मोठा फायदा ओलांडताना होतो. झेब्रापाशी पार्किंग बंद करून फूटपाथ तेवढा पुढे आणायचा. म्हणजे आजीबाईंना एका दमात 18 मीटर जावं लागत नाही. सेकंदाला 0.9 मीटर या चालीने एका बाजूच्या 6.4 मीटरला सात सेकंद लागतात, मग डिव्हायडरवर थांबता येतं.

फूटपाथ 15 सेंटिमीटरपेक्षा उंच नको. प्रत्येक गेटपाशी तो खाली उतरवून पुन्हा चढवला, की माणसं वैतागून रस्त्यावरूनच चालतात. गेटसमोर फूटपाथ एकाच पातळीत सरळ न्यायचा, गाडीने कडेच्या अर्ध्या मीटरच्या पट्टीतल्या उतारावरून वर चढायचं. गाड्या फूटपाथवर चढू नयेत म्हणून खांब रोवताना लक्षात घ्या, व्हीलचेअरसाठी किमान 90 सेंटिमीटरची फट लागते आणि त्यातून दुचाकीही जाते. खांबांनी मोटारी अडतात, दुचाकी नाही.

प्रश्न : दरवेळी डांबरीकरण झालं की पावसात पाणी दुकानात शिरतं. असं का?

उत्तर : जुना थर न खरवडता त्यावर नवा टाकतात म्हणून. प्रत्येक वेळी रस्ता 4-5 सेंटिमीटर वर येतो, फूटपाथची उंची तेवढी संपते आणि चेंबरची झाकणं खड्ड्यात जातात. निविदेतच मिलिंगची, म्हणजे जुना थर खरवडण्याची, बाब धरून घ्या. मधून कडेकडे अडीच टक्के उतार हवा : पार्किंगसह 8.4 मीटरला 21 सेंटिमीटर. पावसाळी जाळ्या त्या खालच्या कडेला, साधारण 15 ते 20 मीटरवर. काम झाल्यावर बादलीभर पाणी ओतून बघा. ते जाळीकडे न जाता जागेवरच थांबलं, तर शेवटचं बिल निघण्याआधी दुरुस्त करून घ्या.

कामाचा क्रमही पक्का ठरवून घ्या. आधी ड्रेनेज, पाणी आणि केबलचे डक्ट, रस्त्याच्या आडवे रिकामे पाइपसुद्धा, मग कर्ब (फूटपाथच्या कडेचे दगड), मग डांबर, शेवटी पट्टे. आडवे पाइप राहिले की पुढच्या वर्षी केबलवाले नवा रस्ता खणतात, आणि बुजवलेला चर पहिल्याच पावसात खचतो, कारण माती थराथराने न दाबता एकदम लोटलेली असते.

प्रश्न : भाजीवाल्यांना हटवल्याशिवाय फूटपाथ मोकळा होईल का?

उत्तर : होईल. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने सर्वेक्षण आणि नगर पथविक्रेता समिती बंधनकारक आहे, तेव्हा नुसतं हटवून भागत नाही. पार्किंगच्या 2 मीटर पट्टीतच त्यांना जागा आखून द्या. मात्र चौक आणि बसथांब्यापासून दूर, नाहीतर गिऱ्हाईक दुचाकी थेट लेनमध्येच उभी करतं.