१६ एप्रिल, ६ जून आणि तारखांचे योग

इतिहासातल्या कोणत्या मोठ्या घटना एकाच तारखेला घडल्या आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध असतो का, असं तुम्ही विचारलंय. मी ठाणेकर, त्यामुळे सुरुवात १६ एप्रिलपासूनच करणार.

१६ एप्रिल १८५३, शनिवार. दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून १४ डब्यांची गाडी सुटली. पुढे साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, आत चारशेच्या आसपास निमंत्रित, बाहेर २१ तोफांची सलामी. ३४ किलोमीटर कापून ती ठाण्याला पोहोचली आणि देशात प्रवासी रेल्वे सुरू झाली. नाना शंकरशेट यांच्यासारख्या माणसांनी त्याआधी कित्येक वर्षं खटपट केली होती, हे मात्र दिनविशेषात क्वचितच येतं.

१९१७ मध्ये याच तारखेला आणखी एक गाडी स्टेशनात शिरली. परदेशात राहिलेला लेनिन पेट्रोग्राडच्या फिनलंड स्टेशनवर उतरला आणि सात महिन्यांच्या आत रशियाची सत्ता बोल्शेविकांच्या हाती गेली. १९७२ मध्ये अपोलो १६ चंद्राकडे झेपावलं, तेही १६ एप्रिललाच. पण लेनिन उतरला तेव्हा तिथल्या लोकांच्या लेखी तारीख होती ३ एप्रिल! रशियात तेव्हा जुनी जुलियन कालगणना चालायची, आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियनपेक्षा १३ दिवस मागे.

दिनविशेषांच्या याद्यांत सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथेच. ६ जूनचंच बघा. १६७४ मध्ये रायगडावर शिवराज्याभिषेक, १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त राष्ट्रांचं सैन्य. एका ओळीत वाचताना अंगावर काटा येतो. पण १६७४ ची ती तारीख जुलियन आहे. मुंबईचे इंग्रज तेव्हा तीच वापरत. ग्रेगोरियन हिशेबाने तो दिवस १६ जून येतो (दोन्ही कालगणनांमधलं अंतर हळूहळू वाढत गेलं, तेव्हा ते दहाच दिवसांचं होतं). रायगडावर जमलेल्या माणसांसाठी तो दिवस होता ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात मोठ्या आकड्याखाली बारीक अक्षरांत जी तिथी छापलेली असते, ती इथे त्या आकड्यापेक्षा जास्त खरी आहे. म्हणून राज्याभिषेक तिथीने साजरा करणाऱ्यांचं म्हणणं मला पटतं.

आपल्या भागात तर हा गोंधळ दारातच होता. १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला (आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे). तोवर ठाणं आणि साष्टी पोर्तुगीजांकडे, मुंबई इंग्रजांकडे. पोर्तुगीज ग्रेगोरियन तारीख लिहायचे, इंग्रजांनी मात्र १७५२ पर्यंत जुलियन सोडली नाही. म्हणजे माहीमच्या खाडीच्या एका काठावर ५ तारीख असेल, तर त्याच दिवशी दुसऱ्या काठावर १६! वसई पडल्याची तारीख काही पुस्तकांत ५ मे १७३९ तर काहींत १६ मे १७३९ दिसते, ती यामुळेच. दोन्ही बरोबर आहेत.

हे झाले योगायोग. काही तारखा मात्र ठरवून जुळवलेल्या असतात आणि माझ्या मते संबंध शोधायचा तर तिथे शोधावा. संविधान २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारलं, पण ते पूर्णपणे अमलात आणायला २६ जानेवारीपर्यंत थांबले, कारण १९३० मध्ये त्याच दिवशी देशभर पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली गेली होती. १५ ऑगस्ट ही तारीख माउंटबॅटननी निवडली, जपानच्या शरणागतीचा तो दुसरा वर्धापनदिन होता म्हणून. आपला स्वातंत्र्यदिन दुसऱ्याच कुणाच्या विजयाच्या आठवणीवरून ठरला, याची मला आजही हळहळ वाटते.

याउलट बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षेसाठी दिवस निवडला तो अशोक विजयादशमीचा. १९५६ मध्ये ती १४ ऑक्टोबरला आली. आज दीक्षाभूमीवर लोक दसऱ्यालाही जातात आणि १४ ऑक्टोबरलाही.