‘गेट’ शिकताना

इंग्रजीतले ‘गेट’ (get) हे क्रियापद म्हणजे ‘मिळणे’ एवढेच धरून वाचू लागलात, तर ‘इट इज गेटिंग डार्क’ या साध्या वाक्यापाशीच अडखळाल, कारण तिथे काही मिळत नसून अंधार पडू लागला आहे. म्हणून अर्थ ठरवण्याआधी पुढचा शब्द पाहा: नाम असेल तर बहुधा मिळणे किंवा आणणे, विशेषण असेल तर स्थिती पालटणे. ‘आय गॉट माय हेअर कट’ या वाक्यात मात्र केस दुसऱ्याने कापलेले असतात. मराठीत आपण ‘कापून घेतले’ म्हणतो, तीच ही छटा, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते, कारण ‘आय कट माय हेअर’ म्हटले की केस स्वतःच कापले असा अर्थ सहज निघतो. अमेरिकी वापरातला ‘गॉटन’, म्हणजे ‘गेट’चेच तिसरे रूप, तूर्तास फक्त ओळखता आला तरी पुरे.