पणजोबा रेल्वेत गँगमन होते. ते नेमके कुठे कामाला होते, हे कसं शोधायचं?

तुम्ही लिहिलंय की पणजोबा 'लाईनीवर गँगला होते' (म्हणजे रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीत) एवढंच घरात ठाऊक आहे, हाताशी 'दक्षिण मध्य रेल्वे' असं छापलेला एकच कागद आहे आणि म्हणून सिकंदराबादला जाऊन चौकशी करायचा विचार आहे.

तिकीट एवढ्यात काढू नका. माझ्या आजोबांच्या पेटीतही तसलाच कागद होता, आणि थोरले चुलते शेवटपर्यंत सांगत राहिले की दादांनी निजामाच्या मुलखात नोकरी केली. कुठली केली! आजोबा १९६८ साली निवृत्त झाले. सोलापूर विभाग १९६६ ते १९७७ दक्षिण मध्य रेल्वेत होता आणि तिचं मुख्यालय सिकंदराबादला, म्हणून कागदावर ते नाव. रूळ तेच, पहार तीच. जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) जाऊन १९५१ साली मध्य रेल्वे आली, मग दक्षिण मध्य, मग परत मध्य. आजोबा मात्र पंचवीस मैलांच्या बाहेर गेले नाहीत.

तेव्हा कागदाच्या मथळ्यापेक्षा आतल्या बारीक नोंदी बघा. गँग नंबर आहे का? कुठल्या गावच्या पी.डब्ल्यू.आय.च्या (रुळांवर देखरेख करणाऱ्या इन्स्पेक्टरच्या) हाताखाली होते? एका गँगकडे साधारण पाच-सहा किलोमीटरचा पट्टा असायचा. मुकादम, चावीवाला (रूळ तपासत सैल चाव्या ठोकणारा) आणि बाकीची माणसं त्याच पट्ट्यात राहायची, त्यामुळे गँग सापडली की गाव सापडलंच. '३४०/६' असा आकडा दिसला तर तो मुंबईपासूनचा किलोमीटर आणि त्यातला खांब. मुंबई-सोलापूर लाईनीवर दौंड २६८ च्या आसपास येतं आणि सोलापूर ४५५ च्या, म्हणजे जागा दोन्हींच्या मधली. कागद फार जुना असेल तर आकडा मैलांचा असणार, १.६ ने गुणून बघा.

रेल्वेत पेन्शन १६ नोव्हेंबर १९५७ पासून लागू झालं. पणजोबा त्याआधीच घरी बसले असतील तर पेन्शनचा कागद हुडकत बसू नका, त्यांना फंडाची रक्कम मिळाली असणार. माहिती अधिकाराचा अर्ज जरूर करा, दहा रुपयांचं काम आहे. मला एका कचेरीकडून 'रेकॉर्ड उपलब्ध नाही' असं एका ओळीचं उत्तर आलं. जुन्या छापील याद्यांत साहेबलोकांची नावं मिळतात, गँगमनची नाहीत.

मला धागा मिळाला तो वडिलांच्या शाळेच्या दाखल्यात. आमच्या गावच्या शाळेतून 'जनरल रजिस्टर'चा उतारा काढला, तर 'यापूर्वीची शाळा' या रकान्यात बोरूच्या अक्षरात लिहिलेलं: लोकल बोर्ड मराठी शाळा, डिकसळ. जातपडताळणीसाठी हिंडलेल्यांना या रकान्यांची किंमत कळते. प्रत्येक भावंडाचा दाखला काढा, आत्यांचाही. जन्मगावं ओळीनं मांडली की बदल्या आपोआप दिसतात. गावच्या कोतवाल बुकात (जन्ममृत्यूंच्या जुन्या नोंदवहीत) जन्माची नोंद मिळाली तर सोन्याहून पिवळं.

घरातल्या म्हाताऱ्या बायकांनाही विचारा. फक्त 'कुठे होते' असं विचारू नका, रोजचं विचारा. आजी सांगायची की पावसाळ्यात आजोबा कंदील आणि फटाके घेऊन रात्रगस्तीला जायचे (फटाके म्हणजे गाडी थांबवायला रुळावर लावायचे ते) आणि 'पोमलवाडीच्या अंगाच्या माणसाला वही देऊन, त्याची घेऊन' पहाटे परत यायचे. गस्तवाले हद्दीवर भेटून वह्या बदलतात. म्हणजे शेजारची गँग पोमलवाडीकडची! हे मला दाखला हातात आल्यावर उमगलं, तोवर आजी गेलेली.

आजच्या वेळापत्रकात डिकसळ स्टेशन सापडत नाही. उजनी धरणाचं पाणी येणार म्हणून लाईनच हलवली. भिगवणजवळचा भीमेवरचा जुना रेल्वेपूल तेवढा राहिला आणि त्यावरून रस्ता झाला. म्हणून जुनं स्टेशन मिळालं नाही तर कागद चुकीचा समजू नका, आधी जुना नकाशा बघा.

२०१८ च्या मे महिन्यात मी तिथे गेलो होतो. पुलावरून उसाचा रिकामा ट्रॅक्टर खडखडत गेला. चहाच्या टपरीवर एक निवृत्त चावीवाले भेटले, ऐंशीच्या पुढचे. आजोबांचं नाव त्यांना आठवेना, पण गँगची चाळ कुठे होती ते त्यांनी बोटानं दाखवलं. तिथे नुसतं पाणी. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर जोतं दिसतं का, असं विचारलं तर म्हणाले, "दिसतंय की. पर त्या गाळात कोन जातंय!"

तुमच्या कागदावर मथळ्याखाली काय लिहिलंय ते जसंच्या तसं इथे उतरवा. आकडा असेल तर तो आधी.