नाशिकमध्ये मोकळ्या प्लॉटवर पानांशिवाय उगवलेलं हे जांभळं काय आहे? ओळखण्यासाठी फोटो कसा काढू?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: पाथर्डी फाट्याकडे सोसायटीच्या कंपाउंडला लागून मोकळा प्लॉट, वळवाच्या पावसानंतर जमिनीतून थेट वर आलेला वीत-दीड वीत दांडा, पान एकही नाही. दांड्याच्या टोकाला जांभळट आवरण आणि त्यातून बाहेर आलेली काळपट, गुळगुळीत, निमुळती काडी. जवळ गेलं की मेल्या उंदराचा वास. तीन अ‍ॅपना फोटो दाखवला तर एक म्हणालं सुरण, दुसरं सापकांदा, तिसरं टायटन अरम.

टायटन अरम आधी बाद करा. ते मूळचं सुमात्राच्या जंगलातलं आणि त्याचा फुलोरा तीन मीटरपर्यंत जातो. तुमच्या प्लॉटवर ते उगवलं असतं तर एव्हाना न्यूज चॅनेलवाले आले असते. सुरणाचा फुलोरा जवळजवळ जमिनीलाच टेकलेला असतो, त्याला म्हणावा असा दांडा नसतो आणि मधला भाग जाड, सुरकुत्यांचा, गोळ्यासारखा असतो. सापकांद्यात आवरणाची खाली नळी होते आणि वरचं टोक नळीच्या तोंडावर झुकतं, नागाने फणा काढावा तसं. तुमचं वर्णन या दोघांशी जुळत नाही. माझा अंदाज चौथ्याच नावाचा आहे: शेवळा, म्हणजे अमॉर्फोफॅलस कम्युटॅटस. हा सुरणाचाच रानटी भाऊबंद, सह्याद्रीत मृगाच्या आगेमागे उगवणारा. त्र्यंबक-इगतपुरीकडे त्याची रानभाजी होते. शहरात कसा आला म्हणाल तर बहुधा भरावाच्या मातीतून. तिकडून आणलेल्या लाल मातीत कंद दडून येतात आणि पाऊस लागला की वर येतात.

मात्र हा अंदाजच आहे. तुम्ही दिलेला एकुलता एक फोटो उभ्याने, वरून काढलेला आहे आणि ओळखायला लागतं ते नेमकं त्यात दिसत नाही.

या कुळात आपण ज्याला फूल म्हणतो तो अख्खा फुलोरा असतो. खरी फुलं अगदी बारीक, काडीच्या तळाशी, आवरणाच्या आत दडलेली. खाली मादी फुलं, त्यांच्यावर नर फुलं, त्यावर उघडी काडी. वनस्पतिशास्त्रातला माणूस सगळ्यात आधी हेच बघतो: मादीचा पट्टा किती उंच, नराचा किती, दोन्ही चिकटलेत की मध्ये रिकामी जागा आहे, त्या जागेत वेगळ्या आकाराची वांझ फुलं आहेत का. रंगावर फार जाऊ नका. एकाच जातीत रंग फिका-गडद होतो आणि आपले फोन त्यात आणखी भर घालतात.

तेव्हा पहिला फोटो जमिनीवर बसून, दांड्याच्या बरोबरीने, बाजूने काढा. जमिनीपासून टोकापर्यंत सगळं एका चौकटीत आलं पाहिजे. शेजारी शाळेतली पट्टी उभी धरा. नाणं नको, आपल्या एक रुपयाचे आकार इतके बदललेत की समोरच्याला ते नाणं कोणत्या काळातलं हे आधी ओळखावं लागतं. मग दांड्याचा जवळून फोटो: ठिपके आहेत का, साल गुळगुळीत की खरखरीत. त्यानंतर आवरणाची कड बोटाने हलकेच बाजूला सारून, दुसऱ्या कुणाला बाजूने टॉर्च धरायला सांगून, आतल्या तळाचा फोटो. एकच झाड असेल तर आवरण कापू नका, एवढ्यावर भागतं.

पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. तो कडा स्वतःच्या मर्जीने पुसट करतो आणि नेमकी कडच ओळखायला हवी असते. विषय काळपट असल्यामुळे फोन आपणहून उजेड वाढवतो आणि जांभळ्याचा गुलाबी करतो. तेव्हा स्क्रीनवर काडीला टॅप करून उजेड थोडा खाली ओढा. फ्लॅश नको, त्याने चकाकी येते. ऊन असेल तर छत्री धरून सावली करा, ढगाळ सकाळ मिळाली तर उत्तमच. मागे गाजरगवताची गर्दी असेल तर एखादं राखाडी पुठ्ठं उभं करा. गाजरगवतावरून आठवलं, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला आणि पावसाळी प्लॉटवर पाय ठेवण्याआधी काठी आपटा.

घाई मात्र करावी लागेल. सुरणाच्या या गोतात मादी फुलं आधी तयार होतात, नर फुलं नंतर परागकण सोडतात. तो वास माश्या-भुंग्यांना बोलावण्यासाठी असतो आणि फार टिकत नाही. काही दिवसांत सगळं लोळागोळा होऊन पडतं.

तिथे काम संपलं असं समजू नका. उलट, नाव पक्कं व्हायला लागणारा निम्मा पुरावा अजून जमिनीखाली आहे. त्याच कंदातून पुढे एकच मोठं पान येईल. म्हणून शेजारी खुंटी ठोकून खूण करा आणि वॉचमनला सांगून ठेवा, नाहीतर तण काढताना तेही जाईल. पान आलं की देठाला हात लावून बघा. सुरणाचा देठ खरखरीत, पुटकुळ्यांचा लागतो, शेवळ्याचा गुळगुळीत. दोघांचाही देठ वर तीन फांद्यांत फुटतो आणि त्या पुन्हा विभागतात. त्याऐवजी देठाच्या टोकाला एकाच बिंदूतून चहूबाजूंनी पर्णिका पसरलेल्या दिसल्या, तर मी चुकलो आणि सापकांदावालं अ‍ॅप बरोबर. अ‍ॅपची खरी अडचण हीच आहे की ते समोर ठेवलेल्या चित्रापुरतंच बघतं, जूनचं फूल आणि जुलैचं पान एकाच कंदाचं आहे हे त्याला कुणी सांगत नाही. तुम्ही सांगू शकता.

विचारायचं कुणाला? आयनॅचरलिस्टवर, म्हणजे झाडं-प्राणी ओळखण्यासाठी लोक नोंदी टाकतात त्या संकेतस्थळावर, सगळे फोटो एकाच नोंदीत टाका, तारीख आणि जागेसकट. तिथे ओळखणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशाहून अधिक लोकांचं एकमत झालं की नोंद पक्क्या दर्जाची धरतात. कुणा प्राध्यापकांना व्हॉट्सअ‍ॅपने पाठवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि त्यातली जागेची माहितीही गळून पडते. पण माझं ऐकाल तर पावसाळ्यात पेठ-सुरगाण्याकडून रानभाज्या घेऊन बाजारात बसणाऱ्या बायकांना आधी फोटो दाखवा. शेवळं असेल तर मावशी एका नजरेत सांगतील, आणि कुठे, कधी, केवढं उगवतं हेही.

जागा जाहीर करण्याबाबत एक पथ्य. तुमचं झाड दुर्मिळ नाही, बिनधास्त लिहा. पण उद्या अंजनेरीच्या पठारावर कंदीलपुष्प दिसलं तर नेमका बिंदू कुठेही टाकू नका. सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदीलपुष्पाची जात २००६ मध्ये तिथूनच जगापुढे आली, ती अत्यंत मोजक्या जागी उरली आहे आणि या गटातले कंद लोक खणून नेतात. संकटात असलेल्या जातींची जागा आयनॅचरलिस्ट आपोआप धूसर करतं, फेसबुक करत नाही.

आणि शेवळाच निघाला तर भाजीचा मोह आवरा. कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांनी घसा असा खाजतो की पाणी पिऊनही थांबत नाही. जाणत्या बायका न उमललेले कोंब घेतात, आतला पिवळा भाग काढून टाकतात आणि काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवतात. तुमचा कोंब उमलून बसलाय, त्याचा आता फक्त फोटो काढा.